विजेची मोटार आणि सामाईक भिंत

पेट्रोलवर चालणारी मोटार घेणाऱ्याला तिच्या इंधनासाठी शेजाऱ्यांची संमती कधी घ्यावी लागली नाही. खिशात पैसे आणि रस्त्यावर पंप असला की भागत असे. विजेच्या मोटारीने ही सोय मोडली आहे. मोटार खरेदी करणे हा अजूनही एका कुटुंबाचा खासगी निर्णय आहे. परंतु तिला वीज कोठून द्यावयाची, हा निर्णय शहरातील बहुसंख्य खरेदीदारांच्या बाबतीत खासगी राहिलेला नाही. विक्रेता मोटारीबरोबर चार्जर देतो आणि तो बसविणारा माणूसही पाठवितो. तो माणूस इमारतीच्या तळमजल्यावर उभा राहून विचारतो, "भिंत कोठली?" खऱ्या प्रश्नाला तेथून सुरुवात होते.

सांगली-साताऱ्याकडे स्वतःचे अंगण असलेल्या घरात हा प्रश्न तासाभरात सुटतो. मीटर आपला, भिंत आपली, मोटारीची जागाही आपली. मुंबई, ठाणे, पुणे येथील चित्र वेगळे आहे. सभासद राहतो पाचव्या मजल्यावर. त्याचा मीटर तळमजल्यावरील मीटरखोलीत. मोटार उभी राहते इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. मीटरपासून मोटारीपर्यंत जाणारी केबल ज्या भिंतीवरून जाते ती भिंत सर्वांची, ज्या खांबाला चार्जर लावावयाचा तो खांब सर्वांचा आणि ज्या रोहित्रातून वीज यावयाची ते तर संपूर्ण वस्तीचे. तेव्हा 'घरच्या घरी चार्जिंग' हा शब्दप्रयोगच येथे काहीसा फसवा ठरतो. वीज घरची असली तरी तिची वाट सामाईक आहे आणि या वाटेची व्यवस्था कशी लावावयाची याचा विचार फारच थोड्या गृहनिर्माण संस्थांनी केला आहे.

किती वीज, किती वेळ?

प्रथम गरज किती आहे हे पाहिले पाहिजे, कारण निष्कारण भीती आणि निष्कारण हाव या दोन्हींचे मूळ तिच्या अज्ञानात आहे. घरातील पंधरा-सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरून मोटारीला ताशी सुमारे सव्वातीन युनिट वीज मिळते. विक्रेते जो भिंतीवरचा चार्जर देऊ करतात तो बहुधा ७.२ किलोवॅटचा असतो. म्हणजे वेग दुपटीहून अधिक. २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीची टियागो पहिल्या मार्गाने सुमारे आठ-नऊ तासांत भरते. ४५ युनिटांच्या नेक्सॉनला तोच मार्ग घेतल्यास पंधरा तास लागतात, तर मोठ्या चार्जरवर सुमारे सात तास पुरतात.

हे आकडे ऐकून खरेदीदार साहजिकच मोठा चार्जर मागतो. वस्तुतः बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी होत नाही. शहरातील नोकरदाराची मोटार दिवसाकाठी चाळीस किलोमीटर धावली असे धरले आणि एका युनिटला सात किलोमीटर हे प्रमाण मानले, तर भरतानाची गळती जमेस धरूनही तिला रोज सहा-साडेसहा युनिटच लागतात. इतकी वीज साध्या सॉकेटवरून दोन तासांत मिळते. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत मोटार उभीच असते. म्हणजे बहुतेक कुटुंबांना वेगाची निकड नाही. त्यांना हवी आहे ती रात्रीच्या कोणत्याही दोन-तीन तासांची खात्री. निकड आणि खात्री यांतील हा फरक पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

साधे सॉकेट पुरते, याचा अर्थ कोणतेही सॉकेट चालते असा मात्र नव्हे. इस्त्री किंवा गिझर पूर्ण विद्युतप्रवाह घेतो तो थोडा वेळ. मोटार तोच प्रवाह सलग काही तास घेते. जुन्या वायरीतील सैल जोड पंधरा मिनिटांच्या इस्त्रीत उघडा पडत नाही, तो रात्रभराच्या चार्जिंगमध्ये तापतो. म्हणून मोटारीसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, तिच्यासाठी वेगळा एमसीबी, गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी आणि तपासून घेतलेले अर्थिंग या चार गोष्टींना पर्याय नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ साली आपल्या सुरक्षाविषयक विनियमांत विजेच्या वाहनांसाठी वेगळे प्रकरण घातले. त्यात सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे, प्रत्येक चार्जिंगच्या जागेला स्वतंत्र मंडल असावे आणि जोडवायर म्हणजे एक्स्टेंशन वापरू नये, अशा तरतुदी होत्या. खिडकीतून खाली सोडलेल्या वायरीवर स्कूटर भरण्याची जी दृश्ये अनेक वसाहतींत दिसतात, ती या कसोटीवर उतरत नाहीत. तथापि, ती वायर सोडणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याने योग्य मार्गाने परवानगी मागितली होती काय आणि ती का नाकारली गेली, हेही विचारले पाहिजे.

बिलाचा हिशेब

विजेची मोटार स्वस्त पडते, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. पण किती स्वस्त, हा हिशेब करताना सुशिक्षित माणसेही एक चूक करतात. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून ती सरासरी दर काढतात आणि त्या दराने मोटारीचा खर्च मांडतात. महावितरणचे घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढणारे आहेत: पहिली शंभर युनिटे, मग तीनशेपर्यंत, पुढे पाचशेपर्यंत आणि त्यावर. महिना हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला सुमारे १६० युनिटे लागतात. ज्या घराचा मूळ वापर दोनशे युनिटांचा आहे तेथे यातील शंभर युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि साठ तिसऱ्या टप्प्यात पडतात. स्वस्त पहिला टप्पा तर दिवे, पंखे आणि फ्रिज यांनी आधीच वापरलेला असतो. मोटारीची वीज ही अर्थशास्त्राच्या भाषेत सीमान्त वीज आहे आणि तिचा दर सरासरीहून चढा असणारच. वीज आकाराबरोबर वहन आकार आणि वीज शुल्कही युनिटांबरोबर वाढतात, हेही विसरता येत नाही.

यावर दोन वाटा आहेत. आपल्याच घराच्या मीटरवरून स्वतःची मोटार भरल्यास घरगुती दरच लागू होतो. ही भूमिका राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत स्पष्टपणे मांडलेली आहे. 'मोटार लावलीत तर व्यापारी दर लागेल' अशी जी धास्ती घातली जाते ती निराधार आहे. दुसरी वाट स्वतंत्र जोडणीची. वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती केली आणि वाहन चार्जिंगसाठी ग्राहकाने मागितल्यास वेगळी जोडणी देण्याची तरतूद केली. नवी जोडणी देण्याची कमाल मुदतही महानगरांत तीन दिवसांवर आणि इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवसांवर आणली. स्वतंत्र जोडणीमुळे घरगुती टप्प्यांची चढण टळू शकते, पण दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो. ज्याची मोटार कमी धावते त्याला पहिली वाट परवडते. ज्याचा घरगुती वापरच भरपूर आहे त्याने दुसरीचा विचार करावा.

वेळेचाही एक मुद्दा आहे. रात्री वीज स्वस्त असते, म्हणून रात्री मोटार भरावी, हा सल्ला परदेशी माहितीतून आपल्याकडे आला. महाराष्ट्रात सौर विजेचे प्रमाण वाढत चालले तसे हे गणित बदलले. १ जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू केली. परंतु याच वेळी नोकरदाराची मोटार घरी नसते. ती कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात उन्हात उभी असते. घरच्या चार्जिंगला खरी जोड द्यावयाची असेल तर ती कामाच्या ठिकाणच्या साध्या सॉकेटांनी, हा या दरपत्रकाचा अबोल संदेश आहे.

भिंत कोणाची?

वाहनतळाच्या मालकीचा वाद जुना आहे. इमारतीखालचा मोकळा वाहनतळ हा सामाईक भाग असून विकासकाला तो स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईच्याच प्रकरणात दिला. म्हणजे अशा इमारतींत सभासदाला जागेचा वापर मिळतो, मालकी संस्थेकडे राहते. साहजिकच चार्जरसाठी संस्थेची संमती लागते. आणि येथेच ना-हरकत पत्राचा अर्ज महिनोन्‌महिने फायलीत पडून राहतो.

व्यवस्थापक समितीच्या शंका सर्वस्वी पोकळ असतात असे नाही. आग लागली तर जबाबदार कोण, विम्याचे काय, इमारतीचा मंजूर भार पुरेल काय, आज एकाला दिले तर उद्या वीस जण मागतील त्यांचे काय, असे प्रश्न समितीसमोर असतात. विनामूल्य काम करणाऱ्या सचिवाने या साऱ्याची जोखीम स्वतःच्या सहीवर का घ्यावी? नकार देणे त्याला सोपे जाते. पण नकाराने मागणी संपत नाही. ती खिडकीतल्या वायरीच्या रूपाने परत येते आणि ज्या आगीची भीती होती तिलाच आमंत्रण देते.

यातील चौथी शंका, म्हणजे उद्याच्या वीस जणांची, सर्वांत महत्त्वाची आहे. साठ सदनिकांच्या एका संस्थेत वीस विजेच्या मोटारी आल्या असे समजू. प्रत्येकाने आपापला ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला आणि सर्वांनी रात्री नऊ वाजता घरी येऊन तो सुरू केला, तर इमारतीवर एकदम १४४ किलोवॅटचा भार पडेल. पंखे, दिवे आणि लिफ्ट यांच्या हिशेबाने टाकलेली केबल तो सहन करणार नाही. आता दुसऱ्या बाजूने पाहू. वीस मोटारींना रोज सहा युनिटांप्रमाणे एकूण १२० युनिटे हवीत. ती रात्रीच्या आठ तासांत विभागून दिली तर लागतो केवळ १५ किलोवॅटचा भार. गरज पंधराची आणि मागणी एकशे चव्वेचाळीसची! विजेचा तुटवडा येथे नाहीच. तुटवडा आहे तो पाळी लावण्याचा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे दृश्य अपरिचित नाही. नळाला पाणी कमी दाबाने येऊ लागले की एक जण वाहिनीला थेट मोटार लावतो. त्याला पाणी मिळते, शेजाऱ्याचे जाते. मग शेजारीही मोटार लावतो. शेवटी सर्वांच्या मोटारी चालतात, सर्वांचे वीजबिल वाढते आणि पाणी होते तेवढेच राहते. ज्या वसाहतींनी सामाईक टाकी बांधली त्यांची या शर्यतीतून सुटका झाली. विजेच्या मोटारीबाबत सामाईक टाकीचे काम भारनियंत्रक यंत्रणा करते: एकच जाड केबल वाहनतळापर्यंत आणावयाची, तिच्यावर प्रत्येक जागेसाठी मीटरसह फाटा ठेवावयाचा आणि एकूण भार ठरावीक मर्यादेत राहील अशा रीतीने मोटारींना आळीपाळीने वीज द्यावयाची.

पहिला आणि पाचवा

ही सामाईक व्यवस्था आपोआप का उभी राहत नाही? कारण पहिल्या अर्जदाराला तिची गरज नसते. इमारतीच्या मूळ केबलमध्ये थोडी क्षमता शिल्लक असते. पहिले चार जण ती वापरून घेतात आणि त्यांचा खर्च स्वतःच्या वायरीपुरताच राहतो. पाचवा येतो तेव्हा शिल्लक संपलेली असते. भारवाढ, नवी केबल, प्रसंगी नवे रोहित्र, असा सगळा खर्च त्या पाचव्याच्या माथी मारला जातो. क्षमता पाचांनी मिळून संपविली, किंमत मात्र एकाने मोजावयाची. विजेची मोटार आरंभी घेणारे बहुधा सुस्थितीतील असतात. नंतर येणारा पाचवा शिक्षक किंवा कारकून असतो, कदाचित वापरलेली मोटार घेणारा. म्हणजे जी शिल्लक क्षमता सर्वांच्या वर्गणीतून उभी राहिली, ती ज्यांना पैशाची अडचण नव्हती त्यांना फुकट मिळाली आणि ज्यांना अडचण आहे त्यांच्यासाठी दार बंद झाले. चार्जिंगच्या प्रश्नातील खरा अन्याय हा आहे. पण सभेतील वादात तो क्वचितच बोलला जातो.

ज्यांना हे दार बंद होते त्यांनी सार्वजनिक केंद्रावर जावे, असे सांगितले जाते. तेथे वीज आहे, पण तिच्या दरात केंद्रचालकाचा खर्च, नफा आणि सेवा म्हणून लागणारा वस्तू व सेवा कर मिळविलेला असतो. घरच्या विजेवर हा कर नाही. त्यामुळे ज्याला भिंत मिळाली त्याचे इंधन स्वस्त आणि ज्याला मिळाली नाही त्याचे महाग, अशी नवी विभागणी तयार होते. भाडेकरूची आणि वाहनतळात जागाच नसलेल्या स्कूटरधारकाची गणना याच दुसऱ्या गटात होते.

कायदा कोठे पोचला?

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. चार्जिंग ही सेवा असून ती म्हणजे विजेची विक्री नव्हे, त्यामुळे तिला विद्युत कायद्याखाली परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. संस्थेने स्वतःचे सामाईक चार्जर चालविण्यातील मोठी अडचण त्यामुळे दूर झाली. निवासस्थानी चार्जिंगला मुभा आहे, हे त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांनी वेळोवेळी स्पष्ट केले. आदर्श इमारत उपविधींत २०१९ साली बदल होऊन नव्या इमारतींतील वीस टक्के वाहनतळ चार्जिंगसाठी राखण्याची तरतूद झाली. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने त्याही पुढे जाऊन नव्या निवासी इमारतींतील सर्व जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याचे ठरविले.

हे सारे स्वागतार्ह आहे. पण यातील बहुतेक भर नव्या इमारतींवर आहे आणि मध्यमवर्ग बहुतांशी जुन्या इमारतींत राहतो. नॉर्वेने याच दुखण्यावर कायद्याने बोट ठेवले. तेथील १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या सदनिकाविषयक कायद्यानुसार सभासद मंडळाच्या संमतीने चार्जिंगची सोय करू शकतो आणि मंडळाला ही संमती सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. संमती राहिली, तिच्यातील मनमानी गेली. ब्रिटनने यंत्राच्या बाजूने उपाय योजला. तेथे जून २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरमध्ये गर्दीची वेळ टाळण्याची मूळ व्यवस्था असावी लागते. इतकेच नव्हे तर सारे चार्जर एकाच क्षणी सुरू होऊ नयेत म्हणून प्रत्येकाने काही मिनिटांचा आगामागा विलंब ठेवावा, असाही नियम आहे. पाळी लावण्याचे काम शेजाऱ्यांच्या भांडणावर न सोडता यंत्राकडे दिले.

आपल्याकडे दोन्ही उपाय हवेत. सबळ तांत्रिक कारण लेखी दिल्याशिवाय अर्ज नाकारता येणार नाही आणि ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे लागेल, असा नियम आदर्श उपविधींत आला तर सचिवाच्या डोक्यावरील ओझेही हलके होईल. कारण मग निर्णय त्याच्या मर्जीचा राहणार नाही, नियमाचा होईल. वीज कंपन्यांनीही एकेका सभासदाचा अर्ज सुटा न तपासता संपूर्ण इमारतीच्या भाराचा अंदाज एकदाच करून द्यावा.

सहकाराची कसोटी

तथापि, कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाची असते. तिच्या विषयपत्रिकेवर पहिला चार्जर येण्यापूर्वी हा विषय आला पाहिजे. कारण पहिले चार हितसंबंध तयार झाले की सर्वांना सारखा नियम करणे अवघड होते. ठरावात चार गोष्टी पुरेशा आहेत. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून इमारतीच्या भाराची तपासणी करून घ्यावी. वाहनतळापर्यंतच्या सामाईक केबलचा खर्च संस्थेने करावा आणि जो सभासद जोडणी घेईल त्याच्याकडून, तो पहिला असो वा विसावा, सारखाच हिस्सा वसूल करावा. एका सभासदाच्या चार्जरची कमाल क्षमता ठरवावी. आणि स्कूटर व भाडेकरू यांच्यासाठी निदान दोन सामाईक, मीटर असलेली सॉकेटे ठेवावीत. मोटार नसलेल्या सभासदावर यातून कायमचा भार पडत नाही, कारण खर्च जोडणी घेणाऱ्यांकडून कालांतराने परत येतो. वृद्ध सभासदांना हे समजावून सांगितले तर त्यांचा विरोध बहुधा मावळेल.

सामाईक संपत्तीचा वापर माणसे स्वतःच नियम करून नीट चालवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या कुरणांच्या, कालव्यांच्या आणि मासेमारीच्या अभ्यासातून दाखवून दिले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला हा धडा परका नाही. मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली, त्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची खटपट होती. एकट्याला न परवडणारे घर अनेकांनी मिळून बांधता येते, एवढी साधी कल्पना त्यामागे होती. पुढे पाण्याची टाकी, लिफ्ट, जिना, गच्ची अशा एकेका गोष्टीची व्यवस्था संस्थांनी लावली. प्रत्येक वेळी कुरबुरी झाल्या, सभा तापल्या आणि शेवटी नियम झाले. वाहनतळाच्या भिंतीवरून जाणाऱ्या केबलचा नियमही तसाच होईल. तो पाचव्या अर्जदाराच्या आधी होणार की नंतर, एवढेच सभासदांच्या हाती आहे.